सेवेसाठी नेलेला टोप

दादरहून परळला जायला वातानुकूलित बस लागते, हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. बसला पडदे होते, प्रत्येक सीटच्या मागे पाण्याची बाटली खोवलेली होती आणि समोरच्या काचेखाली 'सेवा-सुट्टी' असा कापडी फलक बांधला होता. मुलांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, गळ्यात ओळखपत्रं, सोबत एक डॉक्टर आणि ओआरएसच्या पाकिटांचा खोका. मोहीम हिमालयात निघाली असावी असाच एकूण थाट. बस नाक्यावरच्या गर्दीत अडकली, आणि शाळेतून आमच्यानंतर पायी निघालेला शिपाई आमच्या आधी पोचून टपरीवर चहा पीत उभा होता. मुलांनी खिडकीतून त्याला हात केला. त्यानेही केला. परळच्या गरिबांचं पहिलं दर्शन म्हणून दोघातिघांनी त्याचा फोटो काढला.

या सगळ्याचा मार्गदर्शक मी होतो. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्याबद्दल माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. 'गोड लिहा, सर,' असं संपादक बाई फोनवर म्हणाल्या. तेव्हा ती दोन पानं मी लिहिणार नाही. हे मात्र लिहितो, कारण शाळेच्या माहितीपटात माझ्या आवाजात एक वाक्य आहे: 'आम्ही येईपर्यंत या गल्लीत कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं.' ते वाक्य मी रचलं, मी म्हटलं, आणि ते खोटं आहे. त्या खोट्यापायी एका बाईची आयुष्यभराची अब्रू गेली. ती परत मिळवण्यासाठी मला जे करावं लागलं, त्याची ही हकिगत.

माझा जन्म गिरगावच्या फणसवाडीतला. आमच्या घरात तीन पिढ्या टेबल-खुर्चीवर बसून म्हाताऱ्या झाल्या. परळचा विषय निघे तो एक संपाच्या बातमीत आणि दुसरा कुणाच्या आजारपणात. मी गिरगावातल्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापक होतो. ती शाळा माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला दादरच्या इंग्रजी शाळेत 'समाजसेवा सल्लागार' नेमलं. तो तिथला विश्वस्त होता. शाळेतल्या मुलांना परदेशी कॉलेजात जायचं असे आणि त्या कॉलेजांना म्हणे दयाळू मुलं लागत. दया तासांत मोजली जाई. तासांच्या प्रमाणपत्रावर सही करायला पांढऱ्या केसांचा, खादीचा सदरा घालणारा माणूस हवा होता. केस माझ्याकडे होते. सदरा विश्वस्तांनी दिला.

सुरुवातीला आम्ही मुलांना दिवाळीच्या सुट्टीत कर्जतच्या पुढे एका पाड्यावर नेत असू. तिथल्या शाळेची भिंत मुलं रंगवत. पहिल्या वर्षी तिच्यावर फुलपाखरं काढली. दुसऱ्या वर्षी फुलपाखरांवर पांढरा हात मारून झाडं काढली. तिसऱ्या वर्षी झाडांवर पांढरा हात मारून पुन्हा फुलपाखरं. त्याच भिंतीवरचे पत्रे गळत होते, पण पत्र्यावर चढणं विम्यात बसत नव्हतं. पाड्यावरची मंडळी मोठी समजूतदार. दिवाळी जवळ आली की भिंतीला टेकवलेली लाकडं स्वतःच बाजूला करून ठेवत.

पुढे पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. डास, अंघोळीचं पाणी, रेंज नसणं. पालकसभेत एक आई म्हणाली, "सर, नीड असलेली जागा हवी, पण वॉशरूमही हवी ना." या वाक्यावर विचार करत मी घरी आलो आणि मला परळ सुचलं. गरज आणि स्वच्छतागृह एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली ती गल्ली मला माहीत होती. का माहीत होती, ते सभेत सांगितलं नाही.

परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या मागे ती गल्ली आहे. बाहेरगावाहून रोगी येतात, त्यांना वॉर्डात खाट मिळते आणि सोबतच्या नातेवाइकांना फुटपाथ. वाशीमचे, मालेगावचे, बिहारचे, बंगालचे लोक तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. गल्लीच्या टोकाला एक चाळ आहे. तिच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एक बाई खानावळ चालवते. माझ्याच वयाची, मालवणकडची. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे गडी तिच्याकडे जेवत. गिरण्या गेल्या, गडी पांगले, समोर टॉवर उभे राहिले आणि तिच्या बाकड्यांवर रोग्यांचे नातेवाईक येऊन बसू लागले. तिने पाटी बदलली नाही, कारण पाटी कधी नव्हतीच. भात, आमटी, भाजी, आणि वॉर्डातल्या माणसासाठी पेज.

तिचा एक नियम होता. तिच्या दारातून कुणी उपाशी जात नसे, आणि फुकटही कुणी जेवत नसे. ज्याच्याकडे पैसे नसत त्याच्यापुढे ती तांदूळ भरलेलं सूप सरकवी. कुणी तांदूळ निवडी, कुणी लसूण सोली, कुणी चाळीच्या नळावरून कळशी भरून आणी. मग तो इतरांच्या पंगतीत बसे, आणि कुणी काय दिलं ते तिसऱ्याला कळत नसे. जेवून उठल्यावर मीठ कमी होतं म्हणून तक्रार करण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि लोक तो बजावत.

हे मला माहीत, कारण तीन वर्षांपूर्वी माझी बायको त्या इस्पितळात होती. ऑपरेशनच्या दिवशी मला आत बसू देईनात, म्हणून मी त्या खानावळीच्या गॅलरीत जाऊन बसलो. जेवणाला वेळ होता. बाईने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "बसलात तर तांदूळ निवडा, मास्तर," म्हणाली. मी मास्तर हे तिने कशावरून ओळखलं कोण जाणे. मी खिशात पैसे असलेला माणूस होतो. निवृत्त मुख्याध्यापक होतो. चाळीच्या गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी तांदूळ निवडले. ऑपरेशन संपल्याचा निरोप आला तेव्हा सूप दुसऱ्यांदा भरलेलं होतं. ती दुपार त्या तांदळांवरच निघाली, हे मला कळत होतं. तरी मनात बारीकसा काटा राहिला तो राहिलाच: या बाईने मला कामाला लावलं. बायको त्या आजारातून उठली नाही. काटा मात्र टिकला.

विश्वस्तांसमोर मी गल्लीचं वर्णन केलं तेव्हा तो काटा कामी आला. मी म्हणालो, तिथे एक बाई आहे, ती गरीब नातेवाइकांकडून कामं करून घेते आणि मग जेवायला घालते. खोलीत सगळ्यांनी हळहळून च्च-च्च केलं. शोषण हा शब्द कुणीतरी उच्चारला, तो मी उच्चारला नाही एवढंच. ठराव झाला: मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस मुलं त्या गल्लीत मोफत जेवण वाढतील. सन्मानाने. सन्मानाने हा शब्द पत्रकात ठळक छापला होता.

अडचण एकच होती. बाईची खानावळ चालू असताना मुलांच्या जेवणाला उपाशी माणसं कुठून आणायची? तेव्हा मी परळला गेलो आणि तिला पंधरा दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं.

"माका काय झालाहा विश्रांती घेवक?" ती म्हणाली. रागावली की ती मालवणीत शिरे.

मी तिला घोळात घेतलं. गावाला जाऊन या, म्हटलं. मे महिना आहे, आंबे आहेत, लग्नं आहेत. तेव्हा ती जरा थांबली. भाचीच्या मुलीचं लग्न होतं आणि कित्येक वर्षांत तिला मे महिन्यात गाव दिसलं नव्हतं. पोरं नीट वाढतील ना, असं तिने तीनतीनदा विचारलं. मी मुख्याध्यापकाच्या आवाजात खात्री दिली. मग तिने स्वतःहून आपला मोठा टोप काढून दिला. पंगतभर भात शिजेल एवढा पितळेचा टोप होता. गिरण्या बंद पडून गडी गावाला परतले, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून तो तिला दिलेला. काठाखाली टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं आणि त्याखाली गावाचं. आत पांढरी स्वच्छ कल्हई.

"तारेच्या घासणीने आतून घासू नका," तिने बजावलं. मी मान हलवली. मान हलवण्याचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे.

सुट्टीतल्या सेवेसाठी मातांची एक भोजन समिती नेमली होती. समितीने पहिल्या दिवशी सात धान्यांच्या पावाचं सँडविच आणि फळांचा कप दिला, दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या कडधान्यांची कोशिंबीर. वाशीमकडचा एक म्हातारा कप हातात धरून बराच वेळ उभा होता आणि मग त्याने एका मुलाला विचारलं, "बाबू, जेवण कधी येते?" मुलाने मला विचारलं. मी समितीला विचारलं. तिसऱ्या दिवसापासून टोपात खिचडी शिजू लागली. पितळेचा टोप फोटोत फार छान येई. 'किती ऑथेंटिक,' समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या आणि त्यांनी टोपावर शाळेच्या बोधचिन्हाचा मोठा चौकोनी स्टिकर चिकटवायला लावला. तो नेमका कोरलेल्या नावावर बसला. चांगला सपाट भाग तेवढाच होता.

मुलं वाईट नव्हती, हे इथे लिहून ठेवतो. घामाघूम होऊन वाढत. अठरा पूर्ण झालेल्या एकदोघांनी इस्पितळाच्या रक्तपेढीत रक्तही दिलं, आणि ते तासांत धरता येत नाही हे कळल्यावरही दिलं. मुलांमध्ये दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी होती. ती करी रोडच्या ज्या टॉवरमध्ये राहायची, त्याच्या बाल्कनीतून त्या चाळीचं छप्पर दिसे. एकदा हात धुता धुता तिने मला विचारलं, "सर, आपण यायच्या आधी हे लोक काय खात होते?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही गल्लीच्या टोकाला कुलूप लावून उभं होतं. मी म्हणालो, "आपण येईपर्यंत इथे कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं, बाळ." शेजारी कॅमेरावाला उभा होता. त्याला ते इतकं आवडलं की त्याने मला पुन्हा म्हणायला लावलं. उजेड बरा नव्हता, म्हणून तिसऱ्यांदाही म्हटलं. इतक्यांदा म्हटल्यावर मलाही ते पटू लागलं.

शेवटच्या दिवशी बाई परत आली. गावाहून ती तशीच थेट गल्लीत आली होती, हातात कापडी पिशवी, पायात धूळ. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची म्हणून टोप न्यायला आली होती. एका स्वयंसेवकाने तिला अडवलं. "आजी, लाइनमध्ये या." ती नियमाची बाई. रांग आहे तर रांगेत उभी राहिली. तिला वाटलं टोप रांगेनेच मिळत असावा. पुढे सरकता सरकता तिच्या हातात कागदाची ताटली आली आणि ताटलीत खिचडी पडली. अन्न हातात आल्यावर ते ठेवून देणं तिच्याच्याने झालं नसतं. ती ताटली धरून, मान उंच करून, टेबलामागे आपला टोप शोधू लागली. तेवढ्यात कॅमेऱ्याने तिला टिपलं. ओलसर डोळे, उंचावलेली मान, पुढे आलेले हात.

मी चार हातांवर उभा होतो. तिने मला पाहिलं. मी ओळखीचं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. 'या खानावळीच्या बाई, हा टोप यांचा,' एवढंच. पण अध्यक्षा शेजारी होत्या, विश्वस्त शेजारी होते, आणि ही बाई इथली कोण, हे सांगायला लागलो असतो तर माझं तीनदा चित्रित झालेलं वाक्य चौथ्यांदा खोटं ठरलं असतं. मी कागदाच्या ताटल्यांचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिलो. तिने घास तोंडात घातला, म्हणाली, "मीठ नाय." मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मास्तर, माझा टोप?"

"उद्या पाठवतो," मी म्हणालो.

संध्याकाळी कॅमेरावाल्याने फोटोला नाव मागितलं. अध्यक्षांना सुचेना. मी सुचवलं: कृतज्ञता.

सेवेचे पंधरा दिवस संपले. मुलं परदेशी फिरायला गेली. टोप मी पाठवला नाही. विसरलो म्हणणं सोपं आहे; खरं म्हणजे पाठवायचा तर सोबत कुणीतरी जायला हवं होतं, आणि कुणीतरी म्हणजे मी.

पावसाळा सरता सरता शाळेने मला दिवाळीच्या सुट्टीची तयारी करायला सांगितलं. मी पुन्हा परळला गेलो, तिला पुन्हा विश्रांती द्यायला. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो याचा मला तोवर अंदाज नव्हता. गल्लीच्या तोंडाशी खांबावर आमचा फलक लटकत होता, उन्हापावसाने उडालेला. त्यावर तिचा चेहरा, पुढे आलेले हात, आणि खाली माझा शब्द. खानावळ बंद होती. बाकडी उलटी करून ठेवलेली. गॅलरीत तोंड शिवलेलं तांदळाचं एक पोतं उभं होतं आणि त्यावर वाळलेला नारळ. फुटपाथवर लोक चहात पाव बुडवून खात होते. दुपार झाली होती.

ती दारात आली. मला बसा म्हणाली नाही.

तो फोटो तिच्या गावच्या ग्रुपवर फिरला होता. मुंबईत राहून म्हातारी इस्पितळाबाहेर रांगेत उभी राहून खाते, असं तिथे कळलं. गावकऱ्यांची करी रोडला एक सामाईक खोली आहे, तिला सगळे गाळा म्हणतात. गावाहून नोकरीला आलेला गडी आधी तिथे पथारी टाकतो. गाळ्यातले गडी पिढ्यान्‌पिढ्या बाईकडे जेवलेले. त्यांनी वर्गणी काढली आणि पोतं घेऊन आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

"ज्यांना मी वाढलं, त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, मास्तर," ती म्हणाली. "म्हणाले, मावशी, आधी सांगायचं नाय काय."

पोतं परत करणं म्हणजे गावाचा अपमान. त्यातलं रांधणं म्हणजे रांग खरी होती असं कबूल करणं. तिने पोत्याला हात लावला नव्हता आणि चूलही पेटवली नव्हती. मी म्हणालो की शाळेला सांगून फोटो उतरवायला लावतो.

"तुमच्या शाळेत माझं कोण आहे? गाळ्यात जा. तिथे सांगा. मी सांगितलं तर म्हणतील म्हातारी लाजेपायी खोटं बोलते. ते पोतं त्यांनी त्यांच्या हाताने उचलून न्यायला हवं. मगच चूल पेटेल."

मी तरीही आधी शाळेतच गेलो. साहजिक आहे, तिथे पंखा आहे. मुख्याध्यापिकेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचे डोळेसुद्धा भरून आले. मग ती म्हणाली की ही तर फारच प्रभावी कथा आहे, दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी आजींची खानावळच दत्तक घ्यावी, भिंती रंगवून द्याव्यात. माझ्या डोळ्यांसमोर फुलपाखरं आली. फोटोबद्दल विचारलं तर तो लगेच उतरवता येणार नाही म्हणाली, चौकटीवर देणगीदाराचं नाव आहे.

त्यानंतर काही रविवार गुडघा दुखला, एका रविवारी पाहुणे आले, एकदा नुसताच बसून राहिलो. शेवटी गेलो.

गाळ्यात रविवारी बैठक असते. भिंतीला लागून ट्रंका, वर माळा, दोरीवर शर्ट. विरारहून, दिव्याहून गडी आलेले, देवळाच्या रंगाची चर्चा चाललेली. मी उभा राहिलो. खुर्ची दिली तरी उभाच राहिलो, कारण बसून बोललो असतो तर भाषण झालं असतं. मी सांगितलं की बाई भीक मागायला आली नव्हती. तिची खानावळ मी बंद करवली होती, टोप मी नेला होता, तो परत न्यायला ती आली होती, आणि मी तिला ओळखत असून गप्प बसलो. फोटोचं नावही मीच दिलं.

माझी अपेक्षा होती की कुणीतरी ओरडेल. शिव्या खायची तयारी करूनच मी गेलो होतो. पण कोपऱ्यातला एक म्हातारा, गिरणीतून निवृत्त झालेला, टोपाच्या वर्गणीतला, चष्मा पुसत म्हणाला, "मग टोप खंय असा?"

मला माहीत नव्हतं. शाळेत असेल, म्हणालो.

"म्हणजे बाई टोप मागूक इली आणि तुमी तिच्या हातात ताट दिलास," तो म्हणाला. "आणि टोप अजून तुमच्याकडेच."

त्यावर मात्र सगळे हसले. तसं हसणं मी वर्गात चाळीस वर्षं ऐकलं होतं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोरावर वर्ग असा हसे. टोप आधी तिच्या दारात पोचू दे, मग पोतं उचलू, असं ठरलं.

टोप शाळेच्या दर्शनी दालनात होता. काचेच्या तिवईवर, पाण्याने भरलेला, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या. बाहेरून सोन्यासारखा घासलेला. बरोबर त्याच्या वर, भिंतीवर, ती स्वतः, हात पुढे करून. फोटोतही ती टोपच शोधत होती आणि तो तिच्या पायाशी होता.

मी पाणी कुंडीत ओतलं. स्वागतकक्षातली मुलगी धावत आली, "सर, ते डेकोर आहे." मी म्हटलं, हो, आणि टोप उचलला. उचलला कसला, ओढला. रखवालदाराने टोपाचा दुसरा काठ धरला. टॅक्सीत टोप मागच्या सीटवर बसला आणि मी पुढे, त्याच्यापेक्षा कमी रुबाबात.

गाळ्यातले चार जण चाळीपाशी येऊन उभेच होते. टोप गॅलरीत टेकला तसं त्यांनी पोत्याला हात घातला. त्यातला एक तरुण पुटपुटला, "मावशी, चुकलो." बाई म्हणाली, "नारळ राहूंदे. तेवढा कामाक येतलो." पोतं चाळीच्या बाहेर गेलं. जाताना सगळ्या चाळीने ते पाहिलं, आणि चाळीने पाहिलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाने पाहिलं.

मग तिने टोपात डोकं घातलं. बराच वेळ आत पाहिलं. कल्हई गेली होती. तारेच्या घासणीने कुणीतरी तो आतूनही चकचकीत केला होता.

"तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"यात आता आंबट घातलं तर लोक आजारी पडतील. मग तुमची पोरं परत येतील सेवेला."

टोप पुन्हा टॅक्सीत बसला. आमच्या फणसवाडीपासून तांबाकाटा, तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार, लांब नाही. तिथे अजून कल्हईवाले आहेत, थोडेच उरलेत. त्यातल्या एकाने टोप फिरवून पाहिला आणि विचारलं, शोभेला ठेवायचा असेल तर आतून कल्हई कशाला, हल्ली सगळे शोभेलाच नेतात. मी म्हटलं, रांधायचा आहे. त्याने माझ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. स्टिकर त्याने सुरीच्या पात्याने खरवडून काढला. टिंबं शाबूत होती. डिंक मात्र पूर्ण निघाला नाही, त्या जागी अजून धूळ बसते.

खानावळ उघडली त्या दिवशी मी गेलो होतो. माझं स्वागत करायला कुणी नव्हतं, ते बरंच होतं. बाकड्यावर वाशीमकडचेच कुणी दोघं, एक बंगाली बाई, गाळ्यातला तो चष्मेवाला म्हातारा. जेवणाला वेळ होता. बाईने माझ्याकडे पाहिलं, सूप आणून मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

मी तांदूळ निवडले. वाचायचा चष्मा घरी विसरलो होतो आणि ते सांगायला लाज वाटली, म्हणून अंदाजाने निवडले. त्या दुपारी पंगतीत ज्यांच्या दाताखाली खडे आले, त्यांनी बाईला बोल लावू नये. ते माझे होते.